तीन ठसक्यांचं तेल

१२ ऑक्टोबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, क्षेमकुशल वगैरे सगळं आहेच असं धर. कागद एकच आहे आणि सांगायचं पुष्कळ.

तुझं पत्र घाण्यावरच वाचलं, तेलकट हातांनी. आता ते इतकं पारदर्शक झालंय की मागची बाजू पुढूनच वाचता येते. तर मला समजलं ते असं. डब्यातल्या तयार पावडरीनं माझ्या भाचीचं, आपल्या मुंगीचं, पोट दगड होतं, बिचारी कुंथून कुंथून लाल होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सात महिन्यांची झाली, आता घरी उकडून कुस्करलेलं द्या, वर थोडं ऑलिव्हचं तेल घाला, सौम्य असलेलं. आणि तुझ्या सासरेबुवांचं म्हणणं, ज्या दुकानात बाळांच्या डब्यांचा डोंगर रचलाय त्या दुकानाची नात उकडलेलं गाजर खाणार? गिऱ्हाईक काय म्हणेल?

वा रे वा! गिऱ्हाइकाला म्हणावं, तू ये आणि तूच कुंथ.

ताई, तू जन्मात पहिल्यांदा बरोबर माणसाला विचारलंस. मी बसलोय कुठे? ऑलिव्हच्या तेलाच्या तोंडाशी. आमचा घाणा बैलाचा नव्हे, यंत्राचा, पण तेलाची परीक्षा अजून माणसाच्या गळ्यानंच होते. इथे एक म्हातारा चाखणारा आहे, त्याला सगळे ठसकेबुवा म्हणतात. तो ताजं तेल पेल्यात घेतो, तळहातांत धरून कोमट करतो, घोट घेतो, आणि आम्ही सगळे हातातलं काम सोडून त्याच्या गळ्याकडे बघत राहतो. ठसका आला नाही तर तेल भिकार. एक ठसका आला तर बरं. दोन आले तर उत्तम. आणि तीन आले की मालक स्वतः येतो आणि पिंपाला झाकण लावतो.

मी तुला तीन ठसक्यांचं पाठवतोय. हिरव्या फळांचं, पहिल्या तोडीचं, गवतासारखं हिरवंगार. मागून घेतलंय, चोरलेलं नाही, हे आधीच सांगतो, कारण तू विचारणारच. एकुलत्या एक भाचीला हलकंसलकं पाठवायला मी काय मेलोय? घाल तिच्या गाजरात आणि सासरेबुवांच्या समोर बसून भरव. बघू दे म्हणावं मामा काय चीज आहे.

मी इथे फार दिवस नाही. बंदरावर माणसं घेताहेत. हिरवी तोड संपली की निघेन म्हणतो. तू एका जागी टिकण्याचं नेहमीचं भाषण पाठवू नकोस, मला पाठ आहे.

तुझा
भिंगरी


२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

तेल पोचलं. तू काय चीज आहेस ते सगळ्या गल्लीला कळलं.

तू लिहिलंस तसंच मी केलं, इथेच माझं चुकलं. गाजर उकडलं, मऊ कुस्करलं, तुझं हिरवंगार तेल वर घातलं, आणि मुद्दाम खाली दुकानात गेले. मुंगीला गल्ल्याशेजारी बसवलं. मामंजी गिऱ्हाइकाला डबा दाखवत होते. सासूबाई खुर्चीवर. म्हटलं, बघा सगळ्यांनी.

बघितलं सगळ्यांनी. मुंगीनं पहिला घास घेतला, क्षणभर गप्प बसली, मग तिचे डोळे असे मोठे झाले, आणि जी खोकायला लागली! नाकातून गाजर आलं. सासूबाई किंचाळल्या, "विष घातलं गं माझ्या नातीला!" गिऱ्हाईक बाई स्वतःचं मूल छातीशी धरून पळाली, तिचा डबा तसाच काउंटरवर. मामंजींनी बोट बुडवून चाटलं आणि तेसुद्धा खोकायला लागले. मग मुंगी त्यांच्याकडे बघून हसली. ती एकटीच.

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिला काही झालेलं नाही. त्या म्हणाल्या, तेल चांगलंच आहे हो, पण मी सौम्य म्हटलं होतं. आणि मी तुला तेच लिहिलं होतं. चार अक्षरं वाचायला येतात ना तुला? तो शब्द दिसला नाही, की दिसूनही नाक मुरडलंस?

आता घरचा हुकूम सुटलाय. उकडणं बंद, कुस्करणं बंद. माझं छोटं पातेलं सासूबाईंनी माळ्यावर टाकलं. मुंगीच्या तोंडी पुन्हा पावडर, आणि पुन्हा तेच कुंथणं. हे मूग गिळून बसलेत. वडिलांसमोर ह्यांची जीभ टाळूला चिकटते, ते तुला माहीतच आहे.

तुझं तीन ठसक्यांचं तेल सासूबाई दुकानाच्या शटरला लावतात. शटर मात्र हल्ली एका बोटानं चढतं.

मी माघार घेतलेली नाही. तेवढं समजून घे आणि नीट उत्तर लिही. जिनं आजवर दूध-पावडरीशिवाय कशाची चव घेतली नाही, तिच्या जिभेला चालेल असं तेल कुठलं? तुझ्या ठसकेबुवाला आवडणारं नको आहे मला. आणि बंदराबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. भाषण पाठच आहे म्हणालास.

ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,

शटरला? तीन ठसक्यांचं तेल शटरला? इथे हे सांगितलं तर माणसं जेवायची नाहीत.

पत्र वाचून मला राग आला. तुझा आला, तुझ्या सासूचा आला, मुंगीचासुद्धा आला. म्हटलं, पोरीला चव नाही, बापावर गेली. सौम्य म्हणजे काय, ते मला कळतच नव्हतं. इथे कुणाच्या तेलाला सौम्य म्हटलं तर तो मारायला धावेल.

शेवटी ठसकेबुवाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. म्हातारा इतका हसला की तेल न पिताच त्याला तीन ठसके आले. म्हणाला, "अरे गाढवा, आमच्या गळ्याला सवय व्हायला जन्म गेला. तिचा गळा काल उघडलाय. तुझ्या तोंडात लहानपणी कुणी मिरची कोंबली होती का?"

मी म्हटलं, "ताईनं कोंबली होती. खोटं बोललो म्हणून."

"मग बरोबर," म्हणाला.

त्यानं मला बसवून शिकवलं, ते आता तुला लिहितो. हिरवं फळ तिखट आणि कडू. तेच झाडावर राहू दिलं, जांभळं होऊन काळं पडलं, की तेल सोनेरी येतं, गळ्याला न बोचणारं. पण ते हंगामाच्या शेवटी. आमच्याकडे त्याला कुणी मान देत नाही, झाडं त्याआधीच ओरबाडतात. तोवर तुला दुकानातून घ्यायचं तर असं घे. काळ्या किंवा गडद काचेची बाटली घे, उजेडात तेल बिघडतं. हिरवेपणाची फुशारकी मारणारी नको. एक तेल मिळतं ज्याचा वास आणि चव धुऊन काढलेली असते. ते काही विषारी नाही, पण फळाचं फारसं काही त्यात उरतही नाही. आणि जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला की समज खवट आहे, तिथेच ठेव. खवट तेलसुद्धा गळ्याला बोचत नाही, त्यावर फसू नकोस.

चाखल्याशिवाय घेऊ नकोस. पेला तळहातात कोमट कर, घोट घे, गिळ, आणि थांब. लगेच मान डोलवू नकोस. तिखटपणा लबाड असतो, मागून येतो.

आणि पातेलं माळ्यावर असेल तर माळ्याला शिडी असेल ना?

भिंगरी

ता. क. मुंगीचा राग आला होता ते तिला सांगू नकोस.


२६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

शिडी होती.

स्टूलसुद्धा चाललं असतं, पण मी मुद्दाम शिडी लावली, आवाज व्हावा म्हणून. सासूबाई खालून म्हणाल्या, "पातेलं कुठे चाललं?"

"खाली."

"कुणाला विचारून?"

"पातेल्याला."

पण त्याआधीचं ऐक, ते जास्त मोठं आहे. तेल घ्यायला मी पलीकडच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे गेले. तो आणि मामंजी एकमेकांच्या दुकानासमोरून जाताना मान वळवतात, आणि त्यांची सून त्याच्या दारात! त्याला इतका आनंद झाला की मी न विचारताच त्यानं तीन बाटल्या फोडल्या. "चाखा वहिनी, चाखा. तुमच्या सासऱ्यांना सांगा मी फोडल्या म्हणून."

पहिली तुझ्याच जातीची. डोळ्यांत पाणी आलं. दुसरीत काहीच नव्हतं, नुसता चिकटपणा, धुऊन काढलेलं म्हणालास ते तेच असणार. तिसरीचा घोट घेतला आणि तू सांगितलंस तशी थांबले. किराणावाला विचारतोय, "कसंय? कसंय?" मी हातानं थांब म्हटलं. तो थांबला. दुकानातली माणसंही थांबली. सगळे माझ्या गळ्याकडे बघत. काही आलं नाही. मागून फक्त बदाम सोलल्यावर येतो तसा वास. त्या बाटलीला म्हटलं, चल घरी.

बटाटा आणि गाजर, मऊसूत, वर अर्धा छोटा चमचा. मुंगीनं तोंड वाकडं केलं. दुसऱ्या घासाला माझं बोट चावलं, हिरड्यांनीच. तिसऱ्याला वाटीच ओढली. आता पोट साफ होतं, दुपारची झोपते. ओरडते तेव्हा भुकेनं, दुखून नाही. मला आता तिच्या रडण्यातला फरक कळतो.

घरात मात्र कडाक्याची थंडी. मामंजी माझ्याशी बोलायचं असलं की भिंतीशी बोलतात. "किराणावाल्याचे पाहुणे चहा घेणार का, विचार." मीही भिंतीलाच सांगते, "घेणार, साखर जास्त."

तू गेलास का बंदरावर?

ताई


१५ डिसेंबर

ती. ताईस,

गेलो नाही. ट्रक आला होता, आमच्यातले दोघे चढले, हात करून मला बोलावलंही. मी झाडाखाली उभा होतो. म्हटलं, या वर्षीचं काळं फळ बघून मग जातो.

तुला वाटेल किराणावाल्याची बाटली मिळाली, आता भिंगरीचं काय काम? असू दे. मुंगीच्या वाटीत परक्या घाण्याचं तेल आहे ते माझ्या डोक्यात बसलंय. तिचा मामा तेलात लोळतो आणि ती विकतचं खाते? मान्य नाही मला.

मागच्या कुंपणाला लागून झाडांची एक रांग आहे. काल मुकादम माणसं घेऊन तिथे आला, सगळं झोडपायला. मी आडवा गेलो.

"ही रांग राहू दे. काळी होऊ दे."

"कशाला?"

"भाचीसाठी तेल काढायचंय. सौम्य."

सगळे हसले. मुकादम म्हणाला, "तुझी भाची काय राणी लागून गेली?"

"हो," म्हटलं.

ताई, मला दुसरं काही सुचलंच नाही. पण त्या एका शब्दानंतर कुणी काठी उचलली नाही. मुकादमानं आपली काठी कुंपणाला टेकवली. मग म्हणाला, रांग राहील, पण तोडणार तू एकटा, सुट्टीच्या दिवशी, हातानं. आणि तोवर तू यंत्रावर नाहीस, चोथ्यावर. चोथा म्हणजे तेल काढून उरलेला काळा चिखल. तो फावड्यानं ओढायचा. अंगाला असा वास लागतो की जेवताना शेजारी कुणी बसत नाही.

चालेल म्हटलं. ऐसपैस जेवतो.

आता महिनाभर पत्राची वाट बघू नकोस. हाताची कातडी निघालीय, हे एवढं लिहायला अर्धी सुट्टी गेली.

भिंगरी


२४ जानेवारी

चि. भिंगरीस, मुक्काम असेल तिथे,

महिना उलटून गेला. तुझं पत्र नाही. हे पत्र ठसकेबुवांच्या नावे पाठवतेय. बुवा, तो निघून गेला असेल तर रागावू नका. त्याचे पाय जन्मतःच दाराबाहेर आहेत. पत्र मात्र त्याच्यापर्यंत पोचवा, कारण हे त्याला कळायलाच हवं.

मुंगी गुटगुटीत झाली, भिंगऱ्या. हाताला वळ्या पडल्या, गालांनी डोळे झाकले जातात. आणि तिथेच नवं संकट उभं राहिलं.

दहा-बारा दिवसांपूर्वी मामंजी चक्क माझ्याशी बोलले, भिंतीशी नाही. "तिला नवं झबलं घाल, खाली आण." मी आणलं. खाली डब्यांच्या कंपनीचा माणूस उभा, गळ्यात कॅमेरा. दुकानावर मोठी पाटी लावायची होती, त्यावर मुंगीचा फोटो, हातात डबा, खाली लिहिणार, आमची नात हेच खाते. मामंजींनी तिच्या हातात डबा दिलासुद्धा. तिनं तो चाटला.

मी डबा काढून घेतला.

"काय झालं?" मामंजी म्हणाले.

"ती हे खात नाही."

"फोटोला कुठे खायचंय? नुसतं धरायचंय!"

"जे तिच्या पोटात नाही ते तिच्या हातात नाही. हिच्या गालांकडे बघून कुणी डबा घेऊन जाईल, तिचं पोर माझ्या पोरीसारखं कुंथेल, आणि पाटीवर माझी पोर हसत असेल? नाही जमणार."

"घर माझं आहे, दुकान माझं आहे!"

"आहे. पोरगी माझी आहे."

"मग तिला घेऊन बाहेर बस!"

मी गेले. म्हणजे वर गेले, वाटी भरून आणली, तेल घातलं, आणि दुकानाच्या पायरीवर बसले, रस्त्याकडे तोंड करून. बाहेर बस म्हणाले ना? बसले. बरोबर दारावरच्या डब्याच्या जाहिरातीतल्या छापील गुटगुटीत बाळाच्या चित्राखाली. आणि मुंगीला भरवायला लागले. ती हल्ली जेवताना गाणं म्हटल्यासारखा आवाज काढते, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. बाया थांबल्या. "काय देता हो?" मी सांगत गेले. सासूबाई आतून, "आत ये, शोभा नको!" मी म्हटलं, "जेवण संपलं की येते."

मग आतून पावलं वाजली. मला वाटलं, आता हाताला धरून उठवणार. हे होते. मी वाटी घट्ट धरली. ह्यांनी पायरीवर रचलेले डबे एकेक करून आत नेले, मला पाठ टेकायला जागा केली, आणि शेजारी बसले. कॅमेरेवाल्याला म्हणाले, "फोटो काढायचा असेल तर वाटीसकट काढा." लग्न झाल्यापासून वडिलांदेखत एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तोंड पांढरं पडलं होतं, पण बसून राहिले.

कॅमेरेवाला निघून गेला. पाटी आली नाही.

आणि आता गंमत. मामंजी आठवडाभर धुमसले, दुकानदार तो दुकानदारच! काल सासूबाईंकरवी विचारणा आली. बाया दुकानात येऊन तेच तेल मागतात म्हणे. किराणावाल्याकडे तर मागता येत नाही, तुझा भाऊ तसलं सौम्य पिंपभर पाठवेल का, डब्यांशेजारी ठेवू. मी म्हटलं, भावाला विचारते. भाऊ कुठे आहे ते आधी कळू दे.

तू गेला असलास तर जा बाबा. चिडत नाही मी. फक्त जिथे असशील तिथून एक ओळ टाक.

ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,

मी इथेच आहे. ठसकेबुवानं तुझं पत्र सगळ्या घाण्याला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग मला दिलं. "पायरीवर बसले" तिथे मुकादम म्हणाला, "पुन्हा वाच." तुझी इथे आता एवढी पत आहे की माझी चोथ्यावरून सुटका झाली.

पाय दाराबाहेर म्हणालीस. जरा लागलं. पण त्या महिन्याभरात मी कुठे होतो ते सांगतो. दर सुट्टीला झाडावर. एकेक काळं फळ हातानं, फुटू न देता. काळं फळ मऊ असतं, दाबलं की गेलं, आणि माझ्यासारख्या दांडगटाच्या हातात मऊ वस्तू म्हणजे तुला माहीतच आहे. पहिली टोपली लगदा झाली. दुसरी बरी झाली.

तोडलं त्याच दिवशी घाण्यात घातलं. सगळे जमले, चेष्टा करायला. ठसकेबुवानं पेला घेतला, तळहातात कोमट केला, घोट घेतला. आम्ही त्याच्या गळ्याकडे बघतोय. ठसका नाही. अजून थांबलो. नाही. एकजण फिस्सकन हसला. बुवानं त्याच्याकडे बघितलं, दुसरा घोट घेतला आणि म्हणाला, "हे गळ्याला विचारून आत जातं."

मग प्रत्येकानं चाखलं, मुकादमानंसुद्धा. कुणी हसलं नाही.

बाटली पाठवतोय. गडद काचेची, कापडात गुंडाळून. कपाटात ठेव, चुलीजवळ नको. किराणावाल्याची संपली की हीच वापर. संपली नसली तरी हीच वापर.

सासरेबुवांना माझा निरोप दे, तोंडावर दे, भिंतीला नको. पिंप मिळणार नाही. ती रांग माझ्या भाचीची आहे, विकायला नाही. गल्लीतल्या बायांना तू वाटीभर फुकट दिलंस तर माझी ना नाही, पण डब्यांशेजारी ती बाटली दिसली तर मी स्वतः येईन. आणि यातला एक थेंब शटरला लागला तरी येईन. दाजींना मात्र माझा वाकून नमस्कार. तो माणूस मी ओळखलाच नव्हता.

बंदराचा ट्रक पुन्हा येऊन गेला. मुकादमाला मी आत्ताच सांगून ठेवलंय, पुढच्या हंगामात मागच्या रांगेला कुणी काठी लावायची नाही. तो म्हणाला, तोवर तू असशील का इथे? म्हटलं, असेन. म्हणून तर सांगतोय.

पुढच्या वर्षी मुंगीला दात आलेले असतील. तेव्हा एका ठसक्याचं पाठवीन, थेंबभर, तुझ्या परवानगीनं. तीन ठसक्यांचं मात्र ती स्वतः मागेल तेव्हाच. मागेल, बघशील तू. भाची कुणाची आहे, आणि पोरगी कुणाची!

तुझा
भिंगरी